रिकामा मिक्सर

यशोधनने तिसरा वाडगा विटेवर उपडा ठेवला आणि हातोडा घातला. तुकडे अंगणभर उडाले. एक सावित्रीबाईंच्या पावलाशी येऊन थांबला. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. मुलाच्या हातोड्याकडे बघत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"बघा," यशोधनने एक तुकडा उचलून धनराज मिस्त्रीला दाखवला. "मातीच भिकार आहे. आणि भट्टी त्याहून भिकार."

वाडगे बिघडले होते हे खरंच. त्याच्या बायकोने, उत्तराने, ते भट्टीतून काढले तेव्हा उन्हात राहिलेल्या मेणासारखे ते बसले होते. झिलई ओघळून खालच्या फरशीला चिकटली होती, ती छिन्नीने सोडवावी लागली. मीटर मात्र सांगत होता की भट्टी तापलेलीच नाही. आकडा नऊशेच्या आसपास चढायचा आणि रुसलेल्या जावयासारखा तिथेच बसून राहायचा. उत्तरा एकदाच म्हणाली होती की माल वितळतोय म्हणजे आत ताप आहे. त्यावर यशोधनने विचारलं होतं, मीटर काय म्हणतो? तो ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. माणूस काय म्हणतो ते तो ऐकून घ्यायचा आणि मीटर काय म्हणतो ते लिहून घ्यायचा.

आज शेवटचं, असं त्याने सकाळीच जाहीर केलं होतं. आज भट्टी तापली नाही तर रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार.

भट्टी उत्तराच्या वडिलांनी तिला करून दिलेली, ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. सावित्रीबाईंना ती कधी आवडली नव्हती. सुनेने चिखलात हात घालायचे, लोकांनी काय म्हणायचं? नांदगावच्या बहिणीला त्या फोनवर सांगायच्या, उत्तराने क्लास लावलाय, कसला ते सांगायच्या नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली होती. ह्या घरात उत्तरा गुणगुणायची ती फक्त अंगणातल्या भट्टीच्या शेडमध्ये. भट्टी गेली की घरात नुसती सून उरणार होती, आणि नुसती सून म्हणजे काय, हे सावित्रीबाईंना कोणी समजावून सांगायला नको होतं.

धनराज मिस्त्री सातपूरहून एम-एटीवर आला होता. दुपारचं लोडशेडिंग संपलं तशी भट्टी रिकामीच चालू करून तो तिच्यासमोर उकिडवा बसला, हातात टेस्टर. आधी त्याने कॉइल तपासल्या. सगळ्या धडधाकट.

"आता फेज बघू. पहिल्यांदा कधी बिघडली म्हणता?"

"किंक्रांतीला," उत्तरा म्हणाली.

ती चाकापाशी स्टुलावर बसली होती. डोक्याला स्कार्फ, उजव्या कानावर जरा जास्तच पुढे ओढलेला.

किंक्रांतीच्या दुपारी सावित्रीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. आदल्या दिवशीच्या हळदीकुंकवाला उत्तराने स्वतः केलेले छोटे वाडगे वाण म्हणून दिले होते, आणि बायका ते उलटेपालटे करून बघत घरी गेल्या होत्या. यशोधनच्या साहेबांच्या बायकोने त्याला कारखान्यात फोन करून सांगितलं, मिसेसना म्हणावं आम्हाला दोन डझन हवेत. फोन जवळच्या टेबलवाल्यांनी ऐकला. एकजण म्हणाला, मग काय यशोधनराव, चाक कधी फिरवताय? तो त्या दिवशी लवकर घरी आला. आधी त्याचा आवाज आला. चढलेला नव्हे, खाली उतरलेला, त्याच्या वडिलांचा उतरायचा तसा. मग उत्तरा म्हणाली, केस सोडा. आणि मग

"आजी, साखरेचा कारखाना काढलाय का?" धनराजने कप खाली ठेवला. "लय गोड."

सावित्रीबाईंनी नुसता ट्रे सावरला. एरवी त्यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

तिन्ही फेज येत होत्या. मीटर पुन्हा नऊशेला येऊन बसला होता. यशोधन मिस्त्रीच्या मागे उभा राहून स्वतःच आकडे वाचत होता. मिस्त्रीने एकदा वर बघून विचारलं की साहेब, तुम्ही करता की मी करू? यशोधन हसला नाही. चौथा वाडगा उचलून त्याने विटेवर ठेवला. हातोडा बसला तशी उत्तराची मान खांद्यात गेली. वाडगा फुटून झाला तरी ती तशीच राहिली.

किंक्रांतीच्या त्या दुपारी मग त्याने तिचे केस मनगटाला गुंडाळले आणि पिळले, गोधडी पिळतात तसे, सगळं अंग घालून. ती पावलांच्या टोकांवर आली. तिच्या हाताला ओली माती होती, त्याच्या शर्टावर पाच बोटं उठली. त्याने आधी शर्टाकडे पाहिलं. सावित्रीबाईंनी खिडकी ओढून घेतली, कडी घातली, आणि त्यांचा हात ओट्यावर चाचपत

"मिस्त्री विचारतोय ना!" यशोधन ओरडला. "त्या दिवशी घरात काय चालू होतं?"

"गिझर, पाण्याची मोटार, असं," धनराज म्हणाला. "लाइनीवर लोड आला की भट्टी मान टाकते."

"दुपारी कशाला गिझर लावेल कोणी?"

"मिक्सर चालू होता," उत्तरा म्हणाली.

ती सावित्रीबाईंकडे बघत नव्हती. तिची नजर चाकावरच्या वाळक्या मातीवर होती.

धनराजला हसू आलं. "मिक्सरनं काय होतंय ताई? हत्तीच्या पाठीवर माशी. किती वेळ चालला?"

"खूप वेळ."

"काय वाटत होता आजी, पंगत होती काय?"

"चटणी," सावित्रीबाई म्हणाल्या.

मिक्सरमध्ये काही नव्हतं. रिकाम्या भांड्यात पातं फिरत राहिलं, जळका वास सुटेपर्यंत, आणि सावित्रीबाईंनी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं होतं, जणू आतून काही बाहेर उडी मारणार होतं. त्यांच्या काळी मिक्सर नव्हता. यशोधनच्या वडिलांचा आवाज उतरला की सासूबाई खलबत्ता पुढ्यात ओढायच्या आणि मिरच्या नसल्या तरी कुटत बसायच्या. एकदा ओठ फाटलेला असताना सावित्रीबाईंनी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला ऐकू येत नाही का? सासूबाई म्हणाल्या होत्या, खलबत्ता असला की नाही येत.

धनराज उठून भट्टीच्या बाजूला गेला. तिथे तिच्या भिंतीतून चिनी मातीची एक बारीक नळी बाहेर आली होती, तिच्या टोकावर गोल पत्र्याची टोपी. हे भट्टीचं थर्मामीटर, त्याने सांगितलं, हिच्यातून जी वायर जाते ती मीटरला आकडा देते. त्याने टोपीला बोट लावलं तर नळी हलली. तिला धरणारा चिमटा एका बाजूने तुटला होता. नळी वीतभर बाहेर सरकून आली होती.

"हे बघा. टोक आत असायला पायजे, ते विटेतच राहिलंय. थर्मामीटर जिभेखाली न धरता गालाला लावलं तर ताप दिसंल का? भट्टी पहिल्या दिवसापासून तापतीय साहेब. मीटरला ठाऊकच नाय. तो म्हणतोय अजून तापव, अजून तापव. आतला माल वितळंल नायतर काय होईल?"

"सरकली कशाने?" यशोधनने विचारलं.

धनराजने टोपीवरून अंगठा फिरवला. ती एका अंगाने चेपली होती. चेपलेल्या कडेत लांब केस अडकले होते, दोन की तीन, नळीच्या उबेने वाळून तांबूस झालेले. तो ते बघत राहिला. मग त्याने उत्तराकडे पाहिलं. उजव्या कानावरचा स्कार्फ किंचित सरकला होता, खाली कापलेल्या केसांचा खरखरीत पट्टा आणि त्यातून गेलेला टाक्यांचा व्रण. यशोधनही तिकडेच बघत होता. धनराजने नखाने केस सोडवले, बोटं झटकली आणि हात पँटला पुसले.

"टेबल-बिबल सरकवताना लागलं असंल," तो म्हणाला.

"टेबलच," यशोधन लगेच म्हणाला. "हिला शंभरदा सांगितलंय, बघून सरकवत जा."

उत्तराने स्कार्फ पुन्हा कानावर ओढला. शेजारच्या सगुणाबाईंना सावित्रीबाईंनी सांगितलं होतं की बाथरूममध्ये उत्तराचा पाय घसरला. नुसतं सांगून त्या थांबल्या नव्हत्या. मोलकरणीकडून त्यांनी नसलेलं शेवाळ अॅसिडने घासून घेतलं होतं, सगुणाबाईंना वास जाईल अशा बेताने दार उघडं ठेवून.

हातातला ट्रे जड वाटायला लागला. सावित्रीबाई चार पावलं चालून टेबलापाशी आल्या आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. ठेवताना त्यांना किंचित वाकावं लागलं.

"टेबल एवढं उंच नाही," त्या म्हणाल्या.

भट्टीचा गुणगुणाट ऐकू यायला लागला. तो आधीपासून चालूच होता.

"काय?"

"टेबल माझ्या कमरेला लागतंय. ती टोपी वर आहे. उत्तराच्या डोक्याच्या उंचीला."

"आई, तू आत जा."

धनराज पुन्हा भट्टीकडे वळला. फडक्यात धरून त्याने नळी आत ढकलायला सुरुवात केली, अगदी सावकाश, आणि सगळे त्याच्या हातांकडे बघत राहिले कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती. मीटरवरचा लाल आकडा हलला. नऊशे सोडून हजार झाला, हजारावरून पुढे गेला, आणि थांबेना. यशोधन तो वाचत होता. त्याचे ओठ हलत होते. उत्तरा उठली, त्याच्या अंगाला न लागता पुढे गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

मिस्त्रीने पक्कड पिशवीत टाकली. नवा चिमटा उद्या पाठवून देतो म्हणाला, कोणाकडेच न बघता. फाटकाबाहेर एम-एटी दोन किकमध्ये चालू झाली आणि तिचा आवाज गंगापूर रोडच्या बाजूला विरत गेला.

सावित्रीबाई आत आल्या. ओट्यावर मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, मीठ सकाळपासून भरून ठेवलेलं होतं. आज खरंच चटणी करायची होती. खिडकी अर्धी लोटलेली होती. बाहेर यशोधनचा आवाज आला.

चढलेला नव्हता. खाली उतरलेला.

त्यांचा हात बटणावर गेलाच होता. सवयीला डोळे नसतात. त्यांनी तो तिथून काढला, भिंतीतून प्लग ओढला आणि वायर मिक्सरभोवती गुंडाळून ठेवली, आवरून झाल्यावर ठेवतात तशी. मग खिडकीचे दोन्ही पल्ले भिंतीला लागेपर्यंत उघडले. समोरच्या गच्चीवर सगुणाबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं आणि त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली.

सावित्रीबाई मागच्या दाराने अंगणात उतरल्या. पायाखाली वाडग्यांचे तुकडे होते आणि त्या अनवाणी होत्या. उत्तरा भट्टीच्या बाजूला उभी होती, नळीच्या खाली, आणि यशोधनचा हात तिच्या स्कार्फच्या गाठीपर्यंत गेला होता. दोघांच्या मध्ये वीत-दीड वीत जागा होती. सावित्रीबाई त्या जागेत शिरल्या. सुनेला कोपराने बाजूला सारलं आणि भट्टीला पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं टोपीपर्यंत पोचत नव्हतं. पाठीवर लुगड्यातून धग लागत होती, आणि ती खरीच होती.

यशोधनचा हात हवेतच होता.

"आई, बाजूला हो. भाजेल तुला."

"माहीत आहे," सावित्रीबाई म्हणाल्या.