मधला चंदेरी कागद

मित्रांनो, बसच्या दाराशी एक मशीन असतं, ठाऊक आहे ना? चढताना त्याला टेकवतात ते कार्ड मी. आता जुना झालो. जुना म्हणजे तुमच्या आजोबांइतका नव्हे, पण माझ्या कडा पांढऱ्या पडल्यात, अंगावरचं बसचं चित्र निम्मं पुसलंय, आणि आमच्या जातीत एवढं जगणं म्हणजे पुष्कळच झालं. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. मला मात्र अजून येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमधे तांब्याची केसासारखी बारीक तार वेटोळी करून बसवतात, तिच्या टोकाला एक इवलीशी चिप जोडतात, वरून गरम दाब देतात, की झालं कार्ड. माझ्या पोटात ना सेल, ना वीज. मशीन जवळ आलं की ते मला हाक मारतं. त्या हाकेतूनच मला दम मिळतो आणि मी उत्तर देतो, ‘पैसे आहेत, सोडा यांना.’ मग टूं वाजतं, हिरवा दिवा लागतो आणि माणूस आत जातो. आम्ही नवे होतो तेव्हा शहरात आमचं कोण कौतुक चाललं होतं! सुट्ट्यांची कटकट गेली, तिकिटं गेली, कंडक्टरही गेले. कंडक्टरांना काय वाटलं ते कोणी विचारलं नाही.

माझ्या वाट्याला आले पेंटरकाका. उमेदीच्या काळात ते बसच्या पाट्या रंगवायचे. कुठली बस कुठे जाते ते पुढच्या पाटीवर हाताने लिहायचं, हे त्यांचं काम. पट्टी न लावता सरळ ओळ काढायचे, असं काकू सांगतात, आणि काकू सहसा त्यांचं कौतुक करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पुढे पाट्यांच्या जागी दिव्यांची अक्षरं आली आणि काकांचे ब्रश माळ्यावर गेले. काकूंचं शिवणयंत्र मात्र अजून खिडकीशी खडखडत असतं.

काकांचा रोजचा प्रवास एकच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नर्सिंग होममध्ये त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, ठेवलेलं होतं. झटका आल्यापासून ताईंची एक बाजू लुळी पडली होती आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. तिथल्या नर्स भल्या होत्या, पण ताई त्यांच्या हातून दोन घासांपुढे जेवायच्या नाहीत. दुपारचं जेवण काकांच्याच हातून. लहानपणी काकांची आई गेली तेव्हा ताईंनीच त्यांना भरवून मोठं केलं होतं, आणि आता पाळी काकांची होती. काका त्यात एक दिवस चुकवत नसत.

माझ्याआधी काकांकडे माझा एक थोरला भाऊ होता. तो पँटच्या मागच्या खिशात राहायचा आणि काका खुशाल त्याच्यावर बसायचे. वाकून वाकून त्याची तार तुटली आणि तो गेला. कार्डांच्या ऑफिसातल्या माणसाने न बघताच सांगितलं, “ओल लागली असेल.” त्यातलं ‘असेल’ काका घरी पोचेपर्यंत गळून पडलं. काकूंनी ऐकलं ते एवढंच, की कार्डाला ओल लागते.

झालं! मी घरात आलो त्याच दुपारी काकूंनी माझ्यासाठी कव्हर शिवायला घेतलं. वरून गडद निळं जाड कापड, कडेला पांढरी गोट. समोरची बाजू कुठली ते कळावं म्हणून एक लाल बटण. काकांनी मला कुठे विसरू नये म्हणून चारही बाजू बंद आणि गळ्यात घालायला दोरी. आणि घामाची ओल आत जाऊ नये म्हणून कॉफीच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून दोन्ही बाजूंनी अस्तरासारखा लावला. किती मायेने लावला म्हणून सांगू! कोपरेसुद्धा दुमडून घेतले.

“आता पावसात उभे राहा हवं तर,” काकू म्हणाल्या.

मित्रांनो, तो चंदेरी कागद म्हणजे माझ्या कानात बसलेला बोळा होता. माणसांचं बोलणं मला ऐकू यायचं, पण मशीनची हाक त्या कागदापलीकडेच अडायची. हाक नाही म्हणून दम नाही, आणि दम नाही म्हणून उत्तर नाही. काका लाल बटण पुढे करून मला टेकवायचे, मशीन विचारत राहायचं, आणि मी पोटात पैसे घेऊन ठोंब्यासारखा गप्प. मग लाल दिवा आणि ट्यँ ट्यँ.

पहिले काही दिवस ड्रायव्हर म्हणायचे, “बसा काका, मशीनच बिघडलं असेल.” मग काकांनाच ते फुकट बसणं बरं वाटेना. ते मला घेऊन कार्डांच्या ऑफिसात गेले. बराच वेळ रांगेत उभं राहून खिडकीशी पोचले, तेव्हा आतला साहेब म्हणाला, “असं शिवलेलं कसं तपासू? कापून द्या.”

“बायकोने शिवलंय हो,” काका म्हणाले. “उसवलं तर ती मला उसवेल.”

साहेब हसला नाही. त्याने स्वतःच कात्रीने एक बाजू कापली, दोन बोटांनी मला बाहेर ओढलं आणि मशीनवर ठेवलं. टूं! किती दिवसांनी मी उत्तर दिलं होतं. मला वाटलं, सुटलो! आता हा माणूस कव्हरात डोकावेल, चकाकणारा कागद बघेल आणि कपाळाला हात लावेल. त्याने मला परत कव्हरात सरकवलं आणि म्हणाला, “कार्ड ठणठणीत आहे. पैसेही आहेत. तुम्हीच नीट टेकवत नसाल, आजोबा. पुढचे या.”

काकांनी घरी येऊन हेच सांगितलं. काकूंनी आधी कापलेली बाजू बघून नाक मुरडलं, मग तीच बाजू पुन्हा शिवली. जाता जाता चंदेरी कागदाचा आणखी एक थर घातला. “उघडं राहिलं होतं ना रस्ताभर,” त्या म्हणाल्या. मी आत जिवाच्या आकांताने ओरडलो, पण कार्डाचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार?

त्या दिवसापासून काकांचा हात बदलला. आधी ते मला सहज टेकवायचे. आता हळू, मग जोरात, मग तिरकं, मग श्वास रोखून. ज्या हाताने आयुष्यभर पट्टी न लावता सरळ ओळी काढल्या, तो हात मशीनपाशी जागा चाचपू लागला. दोष आपल्यात आहे हे त्यांनी मनोमन मान्य करून टाकलं होतं, आणि तसं नाही हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

मग तो दिवस आला. बस आधीच उशिरा आली होती, ड्रायव्हर नवा होता आणि घाईला आलेला होता. काकांच्या मागे माणसं ताटकळत होती. काकांनी मला टेकवलं. लाल. पुन्हा लाल. पुन्हा लाल.

“काका, बाजूला व्हा ना!” मागून कोणीतरी म्हणालं.

“कार्डात पैसे आहेत हो,” काका म्हणाले. “ऑफिसात दाखवलंय मी.”

“रोज हेच ऐकतो आम्ही,” ड्रायव्हर म्हणाला. “चेकर आला तर माझी नोकरी जाते. उतरा, पुढच्या बसने या.”

काका उतरायला वळले, तेव्हा रांगेतली एक बाई हळू आवाजात शेजारणीला म्हणाली, “घरच्यांनी एकटं सोडायला नको यांना.” ती वाईट बाई नव्हती. तिच्या आवाजात कळवळाच होता. पण त्या वाक्याने काकांच्या छातीत जे धस्स झालं ते मला कव्हरातूनही कळलं, कारण मी तिथेच लटकत होतो.

पुढची बस आली, काका उठले नाहीत. त्यानंतरची आली, तरी नाही. स्टॉपच्या बाकावर बसून राहिले, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, “जाऊन आलो. ताई बरी आहे.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज ताईंसाठी घेतलेला मऊ भाताचा डबा बाकाखालच्या कुत्र्याला घालायचे आणि घरी येऊन ताईंची खुशाली सांगायचे. मी गळ्यात होतो, मित्रांनो. खोटं बोलताना तो माणूस माझी दोरी बोटाभोवती कशी गुंडाळायचा ते मी जवळून पाहिलंय.

खोटं फार दिवस टिकलं नाही. नर्सिंग होममधून काकांच्या लेकीला फोन आला. भाऊ येत नाहीत, आजी जेवत नाहीत, वाळत चालल्या आहेत. लेक ऑफिसातून तशीच धावत माहेरी आली.

“बाबा, तुम्ही काल आत्याकडे गेला होतात?”

“गेलो होतो की.”

“परवा?”

“परवाही.”

लेकीने आईकडे बघितलं, आईने लेकीकडे. त्या नजरेत काय होतं ते काकांनाही कळलं. आपल्या बाबांना आठवत नाही, न गेलेल्या जागी गेलो असं त्यांना वाटतं, असं त्या दोघी समजल्या होत्या. काकांना एका वाक्यात तो गैरसमज दूर करता आला असता. ‘मला बसमधून उतरवलं गं,’ एवढंच म्हणायचं होतं. पण लेकीसमोर ते त्यांच्या तोंडून निघेना.

“आई, बाबांना आता एकटं बाहेर सोडायचं नाही,” लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “माझी शपथ आहे तुला.”

काकांनी मला गळ्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन काकू निघाल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या बसने फारशा जात नसत आणि त्यांचं स्वतःचं कार्ड नव्हतं, तेव्हा मलाच गळ्यात घातलं. बसमध्ये चढून त्यांनी लाल बटण पुढे केलं आणि ऐटीत मला टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. लाल.

“अहो मावशी, कव्हरातून काढून लावा,” मागचा एक माणूस म्हणाला.

काकू खाली उतरल्या. बाकावर बसल्या, पिशवीतून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि आपलंच शिवण उसवू लागल्या. मी अर्धा बाहेर आलो. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या चंदेरी कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पुढची बस आली. त्यांनी मला नुसतं उघडं टेकवलं. टूं! हिरवा. सगळे आत गेले तरी त्या दारातच उभ्या होत्या.

“बसा ना, काकू,” ड्रायव्हर म्हणाला.

“बसते,” त्या म्हणाल्या. “मीच केलं हो हे सगळं.” त्याला काय कळणार?

त्या दिवशी ताईंनी काकूंच्या हातून एक घास घेतला आणि तोंड मिटलं. त्यांचे डोळे काकूंच्या खांद्यावरून सारखे दाराकडे जात होते.

घरी आल्या आल्या काकूंनी तो कागद काकांपुढे टाकला. “अहो, तुमचं काही चुकलं नव्हतं. हा कागद आड येत होता. चूक माझी होती.”

काकांनी कागद उचलून पाहिला, घडी घातली आणि परत ठेवला. “तू माझ्यासाठी म्हणतेस,” ते म्हणाले. “असू दे.”

काकूंनी समजावलं, चिडल्या, रडल्या. काका ऐकून घेत राहिले. घरात मशीन असतं तर मीच ओरडून सांगितलं असतं. पण विश्वास एकदा उडाला की तो सांगून परत येत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. काका बाकी सगळ्यांवर विश्वास ठेवायला तयार होते, फक्त स्वतःवर नाही.

सकाळी काकूंनी डबा भरला आणि खुर्चीत बसून गुडघा धरला. “आज मला जमायचं नाही. पाय उचलत नाही.”

“मग ताईला कोण भरवणार?”

“ते तुम्ही बघा. बहीण तुमची.” असं म्हणून त्यांनी मला उघडंच काकांच्या हातात दिलं. लेकीची शपथ त्यांनी मोडली, आणि काका जिन्यावरून उतरेपर्यंत गुडघ्यावरचा हात काढला नाही.

बस आली. तोच घाईचा ड्रायव्हर. काका पायरी चढले. त्यांनी मला टेकवलं आणि मी जन्मात दिलं नसेल एवढ्या आनंदाने उत्तर दिलं. टूं! हिरवा.

काकांनी दिव्याकडे बघितलं. त्यांना तो खरा वाटला नाही. त्यांनी मला पुन्हा टेकवलं. आणि मित्रांनो, आमचा नियम असा, की एकदा पैसे घेतले की लगेच दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत. त्यामुळे दुसऱ्या वेळी मशीन लाल होतं. लाल झालं. काकांचा चेहरा उतरला, ते मागे वळू लागले.

“अहो काका, झालं की पहिल्यांदाच,” ड्रायव्हर म्हणाला. “बसा, बसा.”

ताईंनी त्यांना दारात पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काका चमचा धरून बसून राहिले. भात गार झाला. मग तशाच भिंतीकडे बघत ताईंनी जड जिभेने विचारलं, “कुठे होतास?”

“बस मिळाली नाही गं, ताई,” काका म्हणाले. ताईंनी तोंड इकडे केलं आणि उघडलं.

आता मी कव्हराविना राहतो. घाम लागतो, पाऊस लागतो, मला काही होत नाही. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की माझ्यासारख्यांना वाकवू नका आणि चंदेरी कागदात गुंडाळू नका. आणि दाराशी एखादं म्हातारं माणूस अडलं, तर ‘यांनाच जमत नाही’ असं म्हणायच्या आधी मधे काय आलंय ते वाकून बघा. त्याला पुष्कळ वेळ लागत नाही. उडालेला विश्वास परत यायला मात्र फार वेळ लागतो.

काका आता रोज ताईंकडे जातात. हिरवा दिवा रोज लागतो. आणि अजूनही, रोज, ते मला दोनदा टेकवतात.