माझं माप कोणी काढलं?

बटणं. हुक. गंजलेली सुई.

"माझ्या डोळ्यांसमोर राहा."

बुटाची सैल नाडी.

फाटकावरची पाटी: एक फेरी चारशे मीटर.

खोटारडा कोण? मी?

मित्रांनो, मी धावणाऱ्याच्या बुटावर बसणारा एक जुना सेन्सर आहे. कोटाच्या बटणाएवढा. पोटात चपटी बॅटरी, पाठीला चिमटा. पाऊल उचललं, टेकलं की त्यावरून मी अंतर काढतो आणि मनगटावरच्या घड्याळाला बिनतारी निरोप धाडतो. ते घड्याळ दिसायला रुबाबदार, पण मी सांगेन तेच बोलणारं. तरी कौतुक त्याचं आणि शिव्या मला. असो.

असो कसलं! आज मी असो म्हणणार नाही.

मला आत्याने आणलं, भाचीसाठी. भाचीचे पाय लांब, म्हणून आत्या तिला टिटवी म्हणायची. टिटवीला संघाच्या निवड चाचणीत धावायचं होतं. नाव द्यायचं की नाही हे तिचे बाबा ठरवणार होते. बाबा शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू आणि जिभेवर एकच शब्द: माप. "मापात राहा" हे त्या घरात "जेवलीस का"पेक्षा जास्त वेळा ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी जोडणीच होईना. घड्याळावर नुसतं 'शोधत आहे'. "मेलाय का हा?" म्हणत बाबांनी मला टेबलावर आपटलं. अहो, मी स्वस्थ पडलो की झोपतो! मला हलवायचं असतं, आपटायचं नसतं. टिटवीने मला नाडीत अडकवलं, जागच्या जागी उड्या मारल्या, तसा मी जागा झालो. मग ती गल्लीच्या टोकापर्यंत धावून आली. घड्याळाने वेग दाखवला.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढा? ही? शक्यच नाही. याचं माप चुकतंय."

"दादा, पोरगी खरंच पळते रे," आत्या म्हणाली.

"पळते गं. पण मापात पळते. याला कॅलिब्रेट करायला हवं."

कॅलिब्रेट करणं म्हणजे मला वळण लावणं. माहीत असलेलं अंतर धावायचं. मग घड्याळ विचारतं, 'प्रत्यक्ष अंतर किती?' तुम्ही भराल तो आकडा मी खरा धरतो आणि पुढे त्याच हिशेबाने मोजतो.

मैदानावर आतला पट्टा मोकळा होता. पण बाबा कुंपणापाशी सावलीत उभे राहिले आणि टिटवीला अगदी बाहेरच्या पट्ट्यात लावलं. "माझ्या डोळ्यांसमोर राहा!" ती फेरी मारून आली. बाबांनी पाटी वाचली आणि चारशे भरले.

"बाबा, ती पाटी आतल्या पट्ट्याची असेल ना? बाहेरून फेरी मोठी होते."

"मला माप शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून टेप आहे या गळ्यात!"

अस्तराचा घेर आणि झग्याचा घेर वेगळा धरणारा माणूस! मैदानावर आल्यावर त्याला घेर दिसेना! मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे? शिकवलं ते शिकलो. त्या दिवसापासून टिटवी धावायची त्याहून कमी मी सांगू लागलो.

"बघ, आता कसं बरोबर दाखवतोय," बाबा म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

मैदानावर जाणं बंद झालं. घड्याळ होतं ना, मग मैदान कशाला? रोज रस्त्यावर टिटवी जीव तोडून पळायची आणि रोज तिच्या घामातला वाटा माझ्याकरवी कापला जायचा. नडगी सुजली, तरी पळाली. धावून आली की बाबांचा शेरा ठरलेला: "कमीच." आधी ती मनगटाकडे बघून हिरमुसायची. मग तिने बघणंच सोडलं.

नाव द्यायच्या दिवशी बाबा म्हणाले, "नको. हसं होईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

आणि एरवी मिठावरूनही हुज्जत घालणारी टिटवी म्हणाली, "बरं."

बरं! या शब्दाला आग लावावीशी वाटते मला.

आत्या तडक दुकानात आली. "दादा, पोरीचं माप घ्यायला सांगितलं होतं. तू तिचं माप काढलंस!" समोर गिऱ्हाईक उभं होतं. बाबा मान खाली घालून शिवणयंत्र चालवत राहिले, त्यात कापड नव्हतं तरी.

मी आता बटणांच्या डब्यात आहे. सुई टोचते. डबा हलला की मी जागा होतो आणि घड्याळाला हाक मारतो. ते खुंटीवर बंद पडलंय.

मित्रांनो, माझ्यातला तो चुकीचा आकडा पुसा, बॅटरी बदला, असलं मी मागणार नाही. गेलं ते पुसणं चुलीत! एवढंच करा: माप घेताना आतल्या पट्ट्यातून धावा. आणि आकडा पटला नाही तर कात्री उचलण्याआधी एकदा विचारा, तो चुकलाय, की आपल्यालाच नकोय?

गल्लीत मी दाखवलेला पहिला वेग बरोबर होता.