मनातलं खुरपायचं राहिलं

मी खुरपं बोलतंय. तेलगावात दोघी जावा होत्या, थोरली चतुराबाई अन् धाकटी गीताबाई. थोरलीच्या मुठीत मी.

लोहारानं मला ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलं, बाभळीची मूठ बसवली. माझ्याच नावावरून 'खुरपणं' हा शब्द निघाला. खुरपणं म्हणजे नुसतं गवत कापणं नव्हे. शेजारच्या पिकाला धक्का न लावता तण मुळासकट काढायचं.

बायका एकेक ओळ, म्हणजे पात, धरून बसायच्या. जिची पात आधी संपेल तिनं मागं राहिलेलीला समोरून हात लावायचा, अशी रीत. एकदा कापसात गीताबाई हसत म्हणाली, "अक्का, तुमचं खुरपणं म्हंजी गाय चरून गेल्यावानी." साऱ्याजणी हसल्या. चतुराबाईची पात आधी संपली. ती मदतीला न जाता बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसली. गीताबाई मागं उन्हात खुरपत राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं.

थोरलीला ते बोलणं लागलं होतं. पण आपलं सावलीत बसणं त्याहून जास्त लागलं. खुरपता खुरपता तिनं ओवी जुळवली,

रान खुरपिलं सारं, मनाचं गं राहिलं
जाऊबाईला उन्हात म्या सावलीतून पाहिलं

मातीत बोटभर जाणारं माझं पातं. ओवीत ते कुठवर गेलं! बायकांनी ती शिवारभर नेली. पण जिच्यासाठी केली, तिच्यापुढं ना बायकांनी ती म्हटली, ना थोरलीचं तोंड उघडलं.

मला वाटायचं, पुढच्या खुरपणीला शेजारी बसतील, बोलतील. तेवढ्यात तणनाशकाचे फवारे आले. पाती गेल्या, ओव्या गेल्या. शेजारी बसायला जागाच उरली नाही. दोघी म्हाताऱ्या झाल्या. पत्र्याखाली खोचलेलं माझं पातं गंजलं.

परवा गीताबाई काठी टेकत दारात आली. तिची नात सायली कुठूनशी ती ओवी शिकून आली होती. मन कसं खुरपतेत म्हणून विचारत होती.

"ओवी तुमची हाय म्हणं. मला कावून न्हाई सांगितली, अक्का?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

गीताबाईनं काठी भिंतीला लावली. मग म्हणाली, "परसात मेथी लावलीय. तिला फवारा चालत न्हाई. येता का खुरपाया?"

"गुडघे वाकत न्हाईत गं."

"माझे तरी कुठं वाकतेत? सायली बसवील, तीच उठवील."

बायांनो, मला मोडीत घाला, पण आपसातलं खुरपायला एवढा उशीर लावू नका.

आज मी मेथीच्या वाफ्यात आहे. दोघींच्या हातून तणाबरोबर मेथीही उपटून येते. कुणी कुणाला काही म्हणत नाही.