आजाराला आजार म्हणा

“वन्सं, आज तुमचं कॉलेज जरा कॉलेजातच राहू द्या,” घुगऱ्या निथळत ठेवता ठेवता रजनी म्हणाली. “इंदूरची माणसं येऊन राहिलीत. तुम्ही फक्त हसून बोला, बस.”

सुनंदानं भावजयीच्या हातातलं पातेलं घेतलं. सव्वा महिना लेकीचं बाळंतपण काढून रजनी पार थकली होती. आज अमृताच्या मुलाचं बारसं होतं, आणि जेवणं झाल्यावर सासरची मंडळी मायलेकरांना इंदूरला नेणार होती. अमृताचं काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना दिसत होतं. सासरी गेली की आपोआप ठीक होईल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

आतल्या खोलीत अमृता जरीची साडी नेसून भिंतीकडे बघत बसली होती. शेजारी बाळ गाढ झोपलं होतं.

“बाळ झोपतं तेव्हा तुला झोप येते का गं?” सुनंदानं विचारलं.

“नाही येत. आत्या, मला आत्ता तिकडे नको पाठवू. तिकडे गेले तर मी नाही वाचणार.” भाजी संपलीय हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली.

बाळंतिणीच्या मनाचा आजार ओळखायला झोपेचा हा प्रश्न सुनंदानंच तयार केला होता. भैरवगढ वस्तीतल्या कापडाच्या छापखान्यांमागच्या घरांत, रंगानं माखलेल्या हातांच्या बाळंतिणींना तो विचारायला तिनं विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या धाडल्या होत्या. कोणी म्हणे हवा लागली, कोणी म्हणे नखरे. सरकारी डॉक्टर म्हणे, “मैडम, औरत है, रोएगी ही.” सुनंदा मानसशास्त्राच्या वर्गात टेबलावर हात आपटून सांगायची, आजाराला आजार म्हणा, तरच औषध मिळेल. वीस वर्षं तिनं हेच दळण दळलं. आता नव्या आर्थिक धोरणानं देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं. तिच्या विभागाची दारं तेवढी बंद होत चालली होती. तिची खोली कॉम्प्युटरच्या वर्गाला गेली. दिल्लीची एक संस्था पैसे घेऊन आली, तर त्या संस्थेला नसबंदीचे आकडे हवे होते. बाया का रडतात, हे ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

ओसरीवर तिनं भावाला गाठलं. “जयंत, तिला आज पाठवू नकोस. उद्या डॉक्टरला दाखवू.”

“डोक्याच्या डॉक्टरला? ह्या माधव नगरात तोंड दाखवायला जागा राहील का, ताई? तुझं भैरवगढ वेगळं, आपलं घर वेगळं!”

वीस वर्षं ज्या वाक्याशी ती बाहेर भांडली, ते घरातच, तिच्याच पाठच्या भावाच्या तोंडून निघालं. तिला त्याची चीड आली आणि कीवही.

बारसं थाटात झालं. मुलाचं नाव सौमित्र ठेवलं. पाळण्याची दोरी अमृताच्या हातात दिली तेव्हा ती नुसतीच धरून उभी राहिली. रजनीनं मागून हात धरून झोका दिला. जेवणं झाली. नवी मारुती दारात उभी होती. विहीणबाई म्हणाल्या, “चला अमृता, आवरा. उजेडात पोचू.”

अमृतानं आत्याकडे पाहिलं.

आणि सुनंदा बोलली. रजनीचे डोळे, जयंतचं खाकरणं, कशाकडेही तिनं लक्ष दिलं नाही. भैरवगढमध्ये असं भरल्या घरात ती कधीच बोलली नसती. तिथे आधी नवऱ्याला एकटं गाठायचं, मग सासूला, हा तिचाच नियम होता. पण ही शिकली-सवरलेली माणसं होती. अमृताचा नवरा प्रसाद इंजिनियर, विहीणबाई पदवीधर. समजून घेतील, असं तिला वाटलं. “हा आळस नाही, हट्ट नाही. हा आजार आहे. औषधानं बरा होतो. तिला इथे राहू द्या.”

विहीणबाईंनी मन लावून ऐकलं. इतकं मन लावून तिचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही ह्याच विषयाच्या प्रोफेसर नं?”

“हो. वीस वर्षं.”

“मतलब पक्का आजारच आहे?”

“पक्का,” सुनंदा म्हणाली, आणि क्षणभर तिला बरं वाटलं.

“प्रसाद, बाळाचं सामान गाडीत ठेव.”

“अहो, बाळ आईजवळच हवं! मी असं कुठे म्हटलं?”

“तुम्हीच तर बोलल्या, बिमार आहे. बिमार बाईजवळ आमचं लेकरू कसं सोडायचं? वाटेत टावर चौकात दुधाचा डबा घेऊ. ही ठीक झाली की कळवा, मग बघू.”

प्रसाद आईकडे बघत राहिला आणि मग दुपटी उचलायला गेला. रजनी आडवी आली, रडली, हात जोडले. कोणी थांबलं नाही. मुलगी असती तर कदाचित ठेवूनही गेले असते. भैरवगढमध्ये सासवा काही देवता नव्हत्या, पण डब्याच्या दुधाला पैसेच नव्हते, म्हणून तान्ही पोरं आयांपाशी राहिली. ही गोष्ट इतक्या वर्षांत सुनंदाच्या कधी ध्यानातच आली नव्हती. तिचा शब्द पहिल्यांदा कोणीतरी जसाच्या तसा मानला, आणि तो मानून मूल उचलून नेलं.

“झालं समाधान?” एवढंच म्हणून जयंत ओसरीवर जाऊन बसला.

दिवेलागणीला सुनंदा आतल्या खोलीत गेली. पाळणा तसाच टांगलेला होता. अमृता उठून उभी होती, आणि जरीची साडी छातीपाशी भिजली होती.

“आत्या, त्याची वेळ झाली,” ती म्हणाली.

सुनंदानं दार लोटलं. गरम पाण्यात पंचा पिळून तिच्या छातीवर ठेवला आणि हलक्या हातानं दूध वाटीत काढायला लागली. अमृताच्या डोळ्यांतून सव्वा महिन्यात पहिल्यांदाच पाणी आलं. वाटी भरत आली.

“फेकू नको ना, आत्या.”

“नाही गं,” सुनंदा म्हणाली, आणि वाटी हातात धरून तिच्याजवळ बसून राहिली.