मधल्या जागेतली टाळी

खिळ्याचं डोकं जोंधळ्याच्या दाण्याएवढंही नव्हतं; ते फळीत अर्धवट रुतलं होतं आणि त्याच्याभोवती लाकडावर बारीक ओरखडे उमटले होते — वरून, खूप उंचावरून बघावं तर माळावरची एकटी विहीर, आणि तिच्याकडं चहूकडून आलेल्या गुरांच्या वाटा... मीरासाबांनी मान तिरकी केली. कॅमेरा खुर्चीखालच्या पिशवीत होता, पण वाकावंसं वाटलं नाही. नाच शिकवणाऱ्या अनुजाच्या बुटाचा खिळा. फ्लामेंको हा स्पेनचा नाच नाचणाऱ्यांच्या बुटांना टाचेखाली आणि चवड्याखाली असे दाटीनं खिळे ठोकलेले असतात, त्यांचाच तो खणखणीत आवाज. त्यातला एक निसटून इथं येऊन बसला होता आणि त्यावाचून तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

सम्राट गिटार जुळवत होता. जुळवत असावा — बोटं तरी हलत होती. तो त्यांच्या डाव्या अंगाला बसायचा, आणि मीरासाबांच्या डाव्या कानात हिवाळ्यापासून कुणीतरी कापूस कोंबून ठेवला होता. उजवा अजून चालत होता, जवळून बोललं तर. ही गोष्ट फक्त चाँदबीला, त्यांच्या बायकोला ठाऊक. तीही सांगितली म्हणून नव्हे, घरातल्या टीव्हीचा आवाज वाढत गेला म्हणून. राजारामपुरीतल्या या नाचाच्या वर्गात कुणाला ठाऊक नव्हती. खुर्ची दुसऱ्या बाजूला हलवता आली असती, पण मग का हलवली ते सांगावं लागलं असतं. नाचाला टाळीनं ताल देणाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणजे... म्हणजे काय? फोटोवाला आंधळा, तसं. मग ही खुर्ची कशाला हवी त्याला.

कार्यक्रमासाठी या आठवड्यात रोज तालीम होती, आणि कालपर्यंत निभावलं होतं. काल सम्राटची गिटार मध्येच कुठंतरी बुडाली. बुडाली म्हणजे त्यांच्यापुरती. बाकीच्यांना ती ऐकू येतच असणार. मीरासाब टाळ्या देत राहिले, अंदाजानं, अंधारात पायरी चाचपावी तसे, आणि एक टाळी जिथं पडायला नको तिथं पडली — दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत — तिच्यामागं दुसरी, तिसरी. संपलं, असं त्यांना वाटलं. शांतपणे वाटलं, एखाद्या दुसऱ्याच म्हाताऱ्याविषयी वाटावं तसं. पण अनुजाची टाच त्याच रिकाम्या जागेत उतरली, क्षणभर थबकली, आणि मग ती असं काही नाचली की भिंतीला टेकून बसलेली तेजस्वी, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, ओरडली, “ओले!”, म्हणजे त्या नाचातली वाहवा. नंतर जवळ येऊन, घाम पुसत अनुजा म्हणाली, “चाचा, हे कुठं लपवून ठेवलं होतं ओ इतकी वर्षं? उद्या कार्यक्रमात असंच पाहिजे बघा.”

मीरासाब हसले. हसण्याशी त्यांचा जुना परिचय होता. पापाच्या तिकटीच्या चौकाजवळच्या स्टुडिओत उभा जन्म दुसऱ्यांना हसवण्यात गेला होता — पावणं, जरा हसा की. नवरदेव, मान वर — आणि माणसांचे चेहरे इतके साठले की स्टुडिओ बंद केल्यावर त्यांनी कॅमेरा जमिनीकडं वळवला तो वळवलाच. राधानगरीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ. बिद्रीकडच्या रानात उसाचं पाचट जाळल्यावरची राख. चौकटीत खूर नाही, बांध नाही, क्षितिजसुद्धा नाही. काळं, करडं, मध्येच एखादी पांढरी रेघ. बघणारे विचारत, हे कुठलं? आणि मीरासाबांना सांगावंसं वाटत नसे.

“माणूस न्हाय, जनावर न्हाय, निस्ता चिखल,” चाँदबी म्हणायची. “चिखलाला हसा म्हणायला लागत न्हाय, म्हणून ग्वाड लागतोय तुम्हास्नी.”

खरं होतं ते. चाँदबीचं बहुतेक खरं असायचं. आजही निघताना ती दारात उभी होती. “व्हय, जावा की! म्हातारपणी टाळ्या पिटायला. उरसात पिटल्या त्या कमी पडल्या व्हय?”

उरसात... पोरवयात, कव्वालांच्या मागं मांडी घालून, तळहात लाल होईपर्यंत. ते सगळं विसरून गेलं होतं. मग अनुजा, स्पेनमध्ये राहून नाच शिकून परत आलेली कोल्हापूरची मुलगी, वर्गाचे फोटो काढायला त्यांना घेऊन आली. चेहऱ्याचा एकही फोटो निघाला नाही, नुसते फळ्यांचे आणि सावल्यांचे निघाले. आणि कॅमेरा खाली ठेवला तसे हात आपोआप वाजायला लागले. तिनं वळून बघितलं, कोपऱ्यातली खुर्ची पुढं ओढली. बसा चाचा. बस्स, इतकंच. त्या खुर्चीनं माझ्या आयुष्याला... नाही, एवढं मोठं कशाला बोलायचं. पण मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार बाकीच्या वारांपेक्षा वेगळे झाले.

आणि आता तिला ती चूक पुन्हा हवी होती. संध्याकाळी, लोकांसमोर, मागच्या पडद्यावर माझ्याच गाळाचे फोटो असणार, आणि मी तिच्या पायाखालची एक फळी काढून घ्यायची... चुकून पडलेली टाळी मुद्दाम कशी पाडतात? तशी नाही पडली, भलत्याच जागी पडली, तर ती लोकांदेखत अडखळेल. सांगून टाकावं. सांगितलं की खुर्ची गेली.

“चला,” अनुजा म्हणाली. म्हणजे, तिचे ओठ तसे हलले.

त्यांनी मोजून, जुळवून, ठरवलेल्या जागी टाळी टाकली. अगदी बरोबर, चुकीच्या जागी पडली, आणि मेली. अनुजाचा पाय तिच्यावरून कोरडा निघून गेला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सम्राटनं तारांवर तळवा दाबला.

“चाचा आज हिशेब मांडून बसलेत की!” तो मोठ्यानं म्हणाला. “काल वाघ, आज कारकून!”

“तू गप रे. आधी तुझी तार बघ, कुठं चाललीय ती,” अनुजा तितक्याच मोठ्यानं म्हणाली आणि त्यांच्याजवळ आली.

मीरासाबांनी तोंड उघडलं. पोरी, माझा कान... शब्द तयार होते. ती डाव्या बाजूला, अगदी हाताशी उभी होती. तिथूनच बोलता आलं असतं. पण ती खुर्चीच्या मागून वळसा घालून उजवीकडं आली, गुडघ्यावर बसली आणि हळू म्हणाली, “मोजू नका चाचा. काय येईल ते येऊ दे. मी आहे की.”

वळसा घालून.

परवा जिन्यात उतरताना ती थांबली होती, भिंत आणि मीरासाब यांच्यामधून वाट काढून उजवीकडं आली होती. त्याआधी खालच्या टपरीवर चहा पिताना सम्राटला उठवून त्याची जागा घेतली होती — सरक रे, मला वारं लागू दे — आणि त्या दिवशी वारं कुठं होतं... कधीपासून? म्हणजे तिला ठाऊक होतं. मग काल ती टाच त्या रिकाम्या जागेत उतरली, की तिनं उतरवली? पडणाऱ्या म्हाताऱ्याचं कोपर धरावं तशी? आणि ते कौतुक, ती तेजस्वीची आरोळी... पण तेजस्वीला कुठं काय ठाऊक होतं. की तिलाही?

विचारता आलं असतं. मीरासाबांनी तिच्याकडं बघितलं — चेहऱ्याकडं. किती वर्षांनी कुणाच्या चेहऱ्याकडं असं, त्याच्याकडून काहीही न मागता. कपाळाला चिकटलेल्या बटा, भुवईत एक पांढरा केस. तिथं उत्तर नव्हतं. दयाही नव्हती, किंवा असली तर त्यांना ती ओळखता येईना. बघायचं काम आपलं, असं ते आयुष्यभर धरून चालले होते. कुणी इतके महिने, न बोलता, आपल्याला बघत असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण भीती, हिवाळ्यापासून बरगडीखाली अंग चोरून बसलेली, ती शोधूनही सापडेना, आणि तिच्या जागी आता जे होतं त्याला काय म्हणायचं ते समजेना. ते हलकं होतं, आणि फारसं सुखाचं नव्हतं.

“करायचं?” तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. कानाचं सांगायचं राहून गेलं.

ती उठून फळ्यांच्या मध्यावर गेली, पाठमोरी उभी राहिली. सम्राटची बोटं हलू लागली. सुरू झालं असावं, किंवा नसावं. मीरासाबांनी हात वर घेतले, तळवे एकमेकांसमोर धरले, आणि त्यांना सांगता येईना की आपण तिच्यासाठी थांबलो आहोत, की ती तिथं पाठमोरी, खांदा किंचित उजवीकडं वळवून, आपल्यासाठी थांबली आहे.