मेणानं बुजवलेली सात भोकं

मी सूर बोलतोय. सनईवाल्यांच्या जोडीत एकजण गाणं वाजवतो आणि दुसरा सगळा वेळ एकच स्वर धरून गाल फुगवून उभा राहतो. त्या दुसऱ्याच्या तोंडात असतो तो मी.

जन्मलो मात्र चांगली सनई म्हणून. जामखेडच्या आसाराम सुतारानं शिसवीच्या लाकडातून मला घडवलं, सात भोकं पाडली आणि वाजतं का पाहायला दोन-चार स्वर काढले. माझं गाणं तेवढंच. मग सनई वाजवणाऱ्या चांदभाईनं मला घरी नेलं आणि चुलीपाशी बसून सातही भोकं मेणानं बुजवली. धाकट्या भावाला, पीरमहंमदला, म्हणाला, "ह्यो सूर धरायचा. मी थांबेपत्तुर सोडायचा न्हाई."

पीरमहंमदनं तो अकरा वर्षं धरला. नाकानं श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडायची, सूर तुटू द्यायचा नाही. लोक चांदभाईला वाहवा द्यायचे आणि आमचे फुगलेले गाल पाहून बायका तोंडाला पदर लावायच्या. पीरमहंमदची बोटं माझ्या बुजलेल्या भोकांवर चोरून फिरायची. भावाची सगळी गाणी त्याला येत होती, पण हे फक्त मला ठाऊक होतं.

बाराव्या वर्षी, त्रेचाळीस साली, पारनेरला आबासाहेब नावाच्या सावकाराच्या मुलीचं लग्न होतं. भर दुपारी नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. आम्ही पुढे वाजवत होतो. तेवढ्यात पीरमहंमदच्या शेजारी एक कोटवाले गृहस्थ चालू लागले. अंगावर घामाचा थेंब नाही, आणि साखर रेशनवर असताना हातात अख्खा लाडू.

"मी सैतान," ते अदबीनं म्हणाले. "तुझ्या भावाची बोटं तुला देतो, तुझी त्याला. उद्यापासून सनई तुझी, सूर त्याचा. तुझ्या जिवाचं मेल्यावर पाहू, घाई नाही. फक्त मांडवाच्या दारापर्यंत तोंडानं 'कबूल' म्हण. मान हलवलेली चालत नाही, आमच्यात तसा नियम आहे."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हण बाबा, म्हण. तो सनईवाला झाला की माझं मेण काढून मलाच वाजवणार, असं मला वाटत होतं. पण म्हणणार कसा? त्याच्या तोंडात मी होतो.

मांडव दिसू लागला आणि चांदभाईच्या सनईच्या तोंडावरची, फुंकायची पत्ती चिरली. सनई गप्प झाली. आता सगळ्या वऱ्हाडापुढे एकटा माझा सूर उरला. चांदभाई खिशात दुसरी पत्ती चाचपत होता.

"हीच वेळ," सैतान म्हणाला. "सोड आणि बोल."

पीरमहंमदनं सोडलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, गाल थरथरत होते, पण सूर तसाच राहिला. चांदभाईनं नवी पत्ती बसवली आणि वाजवायला लागला, जसं काही घडलंच नव्हतं. दारात पोचल्यावर सैतानानं उरलेला लाडू तोंडात टाकला. "इतकं मुकं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं," म्हणाला आणि पंगतीकडे निघून गेला.

घरी पीरमहंमदनं बायकोला, बिबीजानला, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "सुटल्यावर तरी कबूल म्हनायचं हुतं. का न्हाई म्हनलं?"

"मुदत गेल्ती," पीरमहंमद म्हणाला. मग मला पिशवीत घालत म्हणाला, "भाऊची पत्ती चिरली हुती गं."

एकदा त्यानं दाभण तापवून माझ्या पहिल्या भोकावर धरलं होतं. मेण जरा पाघळलंही. तेवढ्यात बाहेरून चांदभाईची हाक आली आणि दाभण परत डब्यात गेलं. मला त्याचा राग आला. एकोणपन्नास साल उजाडलं, राग अजून आहे.

लग्न नसेल तेव्हा मी खुंटीवरच्या पिशवीत असतो. तुम्हाला तो कोटवाला भेटला तर सांगा, या वेळी मला विचार. मी लगेच कबूल म्हणेन. अडचण एवढीच, की पीरमहंमदची फुंकर असल्याशिवाय मला आवाज नाही, आणि फुंकर असली की एकच स्वर निघतो. त्यात 'कबूल' बसत नाही. मी प्रत्येक लग्नात म्हणून पाहतो.