ढब्बूमावशीची खुर्ची

"आजी, आज तरी खुर्ची दाबून बघू नकोस हं," नात कानाशी पुटपुटली. "सगळे बघतायत."

"नाही गं बाई, नाही दाबत," आजी म्हणाली आणि पहिल्या रांगेतली खुर्ची हातानं दाबूनच खाली बसली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. इथं तर उभा जन्म खुर्च्यांनी पोळला होता.

जुन्या विनोदी चित्रपटांतली ढब्बूमावशी ती हीच. त्या चित्रपटांत पडायचे तसे सगळेच, पण नायक पडायचा तो काहीतरी उपद्व्याप करून. बाकीच्यांना तेवढीही तोशीस नसे. बुटक्यानं उंच फळीकडे हात करायचा, तोतऱ्यानं फोन उचलायचा, काळ्यासावळ्या नोकरानं अंधारात दात दाखवायचे. आणि ढब्बूमावशीनं नुसतं बसायचं. स्टुडिओतला सुतार खुर्चीचा पाय आधीच अर्धा कापून ठेवी. आपटल्याबरोबर हसायचं, अशी दिग्दर्शकाची सक्त ताकीद होती. पडणारीच हसली की बघणाऱ्याला पाप लागत नाही ना! कंबर कायमची गेली त्या दिवशीही ती हसतच होती.

नात अंगानं थेट आजीवर गेली होती. कॉलेजात ती बाकावर बसली की मागून कुणीतरी तोंडानं 'कडाड्' करी, कारण त्या जुन्या चित्रपटांचे तुकडे आता पोरांच्या मोबाइलवर फिरत होते. म्हणूनच आजीनं तिला हट्टानं आपल्या सत्काराला आणलं होतं. ज्या कामापायी पोरीला मान खाली घालावी लागते, त्याच कामाचा लोक मान करतात, हे तिला एकदा दाखवायचं होतं.

दिवे मालवले. पडद्यावर एकामागून एक खुर्च्या मोडत गेल्या आणि लोक पोट धरधरून हसले. मग निवेदकानं आजीला मंचावर नेलं. मधोमध एक खुर्ची ठेवली होती. आजीचा हात सवयीनं तिच्यावर गेला आणि पुन्हा हशा उसळला.

"बघा, अजून विसरल्या नाहीत!" निवेदक ओरडला. "मावशी, होऊन जाऊ दे एकदा!"

आजीनं हात मागे घेतला. तिला बसवेना आणि उभंही राहवेना. ती कसनुसं हसायला गेली, तेवढ्यात नात जागची उठलेली दिसली. चारचौघांत कोपरा धरून राहणारी ती पोर तडक मंचावर आली, त्या खुर्चीत सगळा भार टाकून बसली, अंग हलवून पाहिलं आणि उठली.

"पक्की आहे गं. बस तू."

सभागृह हसून हसून कोसळलं. आजीच्या कुठल्याही पडण्याला एवढं हसू मिळालं नव्हतं. आपण पोटासाठी जे विकलं, त्याची किंमत ही पोर चुकवते आहे, हे तिला त्या क्षणी कळलं.

ती बसली. नातीचा हात घट्ट धरून तिनं तिला शेजारी उभं केलं.

"मावशी, जरा हसा की. फोटो घेतोय."

आजी समोरच्या लोकांकडे बघत राहिली. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं, कुणीतरी खोकलं. फोटोवाला वाट बघून थकला आणि त्यानं तसाच फोटो घेतला.